कोनांवरून ‘क्ष’ कसा काढायचा: आधी नातं, मग समीकरण

कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढा, मोठ्या फुलीसारख्या. फुलीच्या वरच्या खाचेत (५क्ष − १२)° लिहा आणि बरोबर समोरच्या, म्हणजे खालच्या खाचेत (३क्ष + २८)°. प्रश्न एवढाच: क्ष किती?

आता एका वहीतली उकल पाहा. ‘५क्ष − १२ + ३क्ष + २८ = १८०. म्हणून ८क्ष + १६ = १८०, ८क्ष = १६४, क्ष = २०.५. ताळा: पहिला कोन ९०.५, दुसरा ८९.५, बेरीज १८०. बरोबर.’ बेरीज-वजाबाकी चोख, भागाकार चोख, ताळासुद्धा केलेला. आणि उत्तर साफ चूक. समोरासमोरचे कोन, म्हणजे विरुद्ध कोन, समान असतात, त्यांची बेरीज १८० असेलच असं नाही. खरं समीकरण ५क्ष − १२ = ३क्ष + २८, त्यातून २क्ष = ४०, क्ष = २० आणि दोन्ही कोन ८८ अंशांचे.

मला ही चूक फार शिकवणारी वाटते. एक तर चुकीचं उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ आलं की नजरेला खटकलंच नाही. दुसरं, ताळा जुळला, कारण तो त्याच चुकीच्या समीकरणात घालून पाहिला होता. स्वतःच्याच समीकरणात उत्तर परत ठेवलं की ते जुळणारच. त्यातून फक्त हिशेब बरोबर आहे एवढं कळतं. समीकरण चित्राशी इमान राखून आहे का, हे त्यातून कळत नाही.

या प्रकारच्या गणितांत बीजगणित सहसा दोन-तीन ओळींचं असतं. खरा निर्णय त्याच्या आधी होतो: हे दोन कोन समान आहेत की त्यांची बेरीज ठरलेली आहे? कोनांची नावं कितीही असोत, शाळेतल्या बहुतेक चित्रांत समीकरणं या दोनच साच्यांत बसतात. एक, ‘हा = तो’. दोन, ‘हा + तो = ठरलेली संख्या’. आणि ती संख्याही बहुतेक वेळा ९०, १८० किंवा ३६० असते, म्हणजे एक, दोन किंवा चार काटकोन. इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहिणारा युक्लिड अंश वापरतच नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज तो ‘दोन काटकोन’ अशीच सांगतो.

लिहायला घेण्याआधी

चित्र पुन्हा काढा, आणि मोठं काढा. पुस्तकातल्या अंगठ्याएवढ्या आकृतीत कोन कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हेच दिसत नाही. जिथे कोन दिला आहे तिथे छोटा कंस काढून आत त्याची राशी लिहा. दिलेलं सगळं चित्रावर चढवा: समांतर रेषांवर बाणाच्या खुणा, समान भुजांवर छोट्या आडव्या रेघा, काटकोनाला चौकोनी खूण. शब्दांत दिलेली माहिती चित्रावर आली नाही तर ती विसरली जाते.

मग समीकरण लिहायच्या आधी एक वाक्य लिहा. मी याला नात्याचं वाक्य म्हणतो. ‘हे दोन कोन विरुद्ध कोन आहेत, म्हणून समान.’ ‘हे दोन रेषीय जोडीत आहेत, म्हणून बेरीज १८०.’ वाक्यात ‘म्हणून’ हवंच. ‘म्हणून’च्या आधी काय लिहायचं ते सुचत नसेल, तर तुम्ही नातं ओळखलेलं नाही, अंदाज बांधला आहे. वर ज्या वहीची चूक पाहिली तिथे हे वाक्य लिहावं लागलं असतं, तर पेन ‘विरुद्ध कोन आहेत, म्हणून बेरीज…’ इथेच अडखळलं असतं.

एक बारीक गोष्ट चिन्हाची. (३क्ष + १५)° असं लिहिलं की अंशाचं चिन्ह कंसाबाहेर आहे. क्ष ही नुसती संख्या आहे. म्हणून उत्तर ‘क्ष = २०’ असं लिहायचं, ‘क्ष = २०°’ नव्हे. कोन मात्र ८८° असा लिहायचा. चित्रात कोनावर थेट क्ष° लिहिलं असेल तरी हाच नियम.

एका बिंदूपाशी जमणारे कोन

एका रेषेवरच्या बिंदूतून एक किरण निघाला की त्याच्या दोन बाजूंना दोन कोन होतात. ही रेषीय जोडी, बेरीज १८०. समजा ते (३क्ष + १५)° आणि (२क्ष − १०)° आहेत. बेरीज ५क्ष + ५ = १८०, क्ष = ३५; कोन १२० आणि ६० अंशांचे. किरण दोन असले तर कोन तीन होतील, पण रेषेच्या एका बाजूच्या सगळ्यांची बेरीज तीच राहते.

विरुद्ध कोन समान का, हे पाठ करायची गरज नाही. फुलीच्या वरच्या कोनाला अ म्हणा, उजवीकडच्याला ब, खालच्याला क. अ आणि ब मिळून १८०. ब आणि क मिळूनही १८०. मग अ आणि क समान असायलाच हवेत. दोन रेषीय जोड्यांमध्ये ब हा कोन सामाईक आहे, एवढंच त्यातलं मर्म. हे एकदा हाताने करून पाहिलं की ‘समान की बेरीज’ हा गोंधळ पुन्हा होत नाही: शेजारी असतील तर बेरीज १८०, समोर असतील तर समान.

कोटिकोन आणि पूरककोन यांची अदलाबदल मात्र मोठी माणसंही करतात. कोटिकोनांची बेरीज ९०, पूरककोनांची १८०. आणि हे कोन शेजारी असण्याची अट नाही. एक या पानावर आणि दुसरा त्या पानावर असला तरी चालतो. शब्दांतलं एक उदाहरण: एका कोनाचा पूरककोन त्याच्या कोटिकोनाच्या चौपट आहे, तर तो कोन कोणता? कोन क्ष° माना. पूरककोन (१८० − क्ष)°, कोटिकोन (९० − क्ष)°. समीकरण १८० − क्ष = ४(९० − क्ष), म्हणजे १८० − क्ष = ३६० − ४क्ष, ३क्ष = १८०, क्ष = ६०. पडताळा: पूरककोन १२०, कोटिकोन ३०, खरंच चौपट.

बिंदूभोवती पूर्ण फेरी मारली तर बेरीज ३६०. (क्ष + २०)°, (२क्ष − १०)° आणि (३क्ष + ५०)° हे तीन कोन एका बिंदूभोवती असतील तर ६क्ष + ६० = ३६०, क्ष = ५०, आणि कोन ७०, ९० आणि २०० अंशांचे. दोनशे पाहून दचकू नका, तो प्रविशालकोन, म्हणजे १८० अंशांपेक्षा मोठा कोन, आहे आणि बिंदूभोवतीच्या फेरीत तो बसतो. तोच आकडा त्रिकोणाच्या कोनासाठी आला असता तर मात्र काहीतरी चुकलं असं समजून मागे जायचं.

कोनदुभाजकाबद्दल एकच सूचना. दुभाजकाने केलेले दोन भाग (४क्ष − ६)° आणि (२क्ष + १८)° असतील तर क्ष = १२ आणि प्रत्येक भाग ४२ अंशांचा. प्रश्नात बहुधा पूर्ण कोन विचारलेला असतो, म्हणजे ८४. क्ष मिळाला की हुश्श करून थांबण्याची सवय इथे गुण घालवते. प्रश्नाची शेवटची ओळ आधीच अधोरेखित करून ठेवा.

समांतर रेषा आणि छेदिका

दोन समांतर रेषांना तिसरी रेषा, म्हणजे छेदिका, छेदते तेव्हा आठ कोन तयार होतात आणि त्यांच्या जोड्यांना नावं मिळतात: संगत कोन, आंतरव्युत्क्रम, बाह्यव्युत्क्रम, छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन. नावं ऐकून वाटतं की लक्षात ठेवायला बरंच आहे. पण आठ कोन असले तरी त्यांची मापं दोनच असतात, एक लघुकोनाचं आणि एक विशालकोनाचं (छेदिका लंब असेल तर आठही काटकोन). म्हणून आठांतले कुठलेही दोन उचला: दोन्ही एकाच जातीचे असतील तर समान, वेगळ्या जातीचे असतील तर बेरीज १८०.

ही युक्ती पडताळ्यासाठी उत्तम आहे, पण उत्तरात कारण म्हणून लिहायची नाही. कारण म्हणून नावच लिहायचं. शिवाय आकृती प्रमाणात काढलेली असेलच याची खात्री नसते. लघुकोन वाटतो तो आकडे घातल्यावर विशालकोन निघू शकतो. नावं मात्र जागेवरून ठरतात, मापावरून नाही, म्हणून ती फसवत नाहीत.

जागा अशी ओळखा. छेदिका जिथे वरच्या रेषेला भेटते तिथे चार कोन आहेत, खालच्या रेषेपाशीही चार. वरच्या चौकडीतला ‘वर-उजवा’ आणि खालच्या चौकडीतला ‘वर-उजवा’ हे संगत कोन: दोन्ही चौकड्यांत एकाच कोपऱ्यात बसलेले. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असलेले कोन आंतरव्युत्क्रम. पट्ट्याच्या बाहेर तसेच असलेले ते बाह्यव्युत्क्रम. पट्ट्यातच पण छेदिकेच्या एकाच बाजूला असलेले ते आंतरकोन. पहिल्या तीन जोड्या समान, चौथीची बेरीज १८०.

संगत कोन (७क्ष − २०)° आणि (४क्ष + ३१)° असतील तर ३क्ष = ५१, क्ष = १७, दोन्ही ९९ अंशांचे. आंतरकोन (२क्ष + ३०)° आणि (३क्ष − २५)° असतील तर ५क्ष + ५ = १८०, क्ष = ३५, कोन १००° आणि ८०°. यात अवघड काही नाही.

अवघड असतं ते विसरणं, की हे सगळं रेषा समांतर असतील तरच. समांतर असल्याचं प्रश्नात लिहिलेलं हवं किंवा बाणाची खूण हवी. नुसत्या समांतर दिसणाऱ्या रेषांवर विसंबू नका. युक्लिडचं प्रसिद्ध पाचवं गृहीतक याच आंतरकोनांबद्दल आहे: छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या बाजूला वाढवत नेल्यावर त्या दोन रेषा एकमेकींना भेटतील. कधी प्रश्न उलटाही येतो, की क्षच्या कोणत्या किमतीला या रेषा समांतर होतील. तेव्हा समीकरण तेच, फक्त नात्याचं वाक्य फिरतं: ‘संगत कोन समान झाले, म्हणून रेषा समांतर.’

कोपरासारखं वाकलेलं चित्र

आता जरा रमून बघायचं गणित. वर आडवी रेषा ल, खाली तिला समांतर रेषा म. ल वर अ हा बिंदू, म वर ब हा बिंदू. दोन्ही रेषांच्या मध्ये, अ आणि ब यांच्या उजवीकडे, क हा बिंदू. अक आणि कब जोडा. उजवीकडे बाहेर आलेल्या कोपरासारखी आकृती दिसेल. अ पाशी रेषेचा उजवा भाग आणि अक यांच्यातला कोन (२क्ष + ५)°, ब पाशी रेषेचा उजवा भाग आणि बक यांच्यातला कोन (क्ष + २०)°, आणि कोपरातला कोन अकब १००°.

इथे पहिल्या नजरेत एकही नातं लागू पडत नाही. अक ही ल ला भेटते पण म पर्यंत पोचत नाही; ती दोन्ही समांतर रेषांची छेदिका म्हणून वापरता येत नाही. पुष्कळ जण इथे अडतात आणि मग मनाला येईल ते समीकरण मांडतात.

उपाय म्हणजे चित्रात नसलेली एक रेषा स्वतः काढणं. क मधून ल ला समांतर अशी तुटक रेषा डावीकडे काढा. ती कोपराच्या कोनाचे दोन तुकडे करते. वरच्या तुकड्यासाठी ल आणि तुटक रेषा समांतर, अक छेदिका. म्हणून वरचा तुकडा आणि अ पाशी दिलेला कोन आंतरव्युत्क्रम, समान. खालचा तुकडा तसाच ब पाशी दिलेल्या कोनाइतका. दोन तुकड्यांची बेरीज कोपराएवढी: (२क्ष + ५) + (क्ष + २०) = १००, ३क्ष = ७५, क्ष = २५. कोन ५५° आणि ४५°, बेरीज १००°.

याच चित्रात कोन उजवीकडचे न देता डावीकडचे दिले, तर? मग प्रत्येक तुकड्याशी आंतरकोनांचं नातं लागतं आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८० होते. दोन जोड्या मिळून अ पाशी, क पाशी आणि ब पाशी असलेल्या तिन्ही कोनांची बेरीज ३६०. चित्र एकच, कंस रेषेच्या कुठल्या अंगाला काढला आहे त्यावर समीकरण बदललं. म्हणून मोठं चित्र काढण्याचा आग्रह.

सूत्रं पाठ करण्यापेक्षा ही तुटक रेषा काढायची सवय जास्त कामाची आहे. कोपर दोन असोत, तीन असोत, प्रत्येक वाकणातून एक समांतर रेषा काढत गेलं की सुटतं.

त्रिकोण आणि त्याचे बाह्यकोन

तिन्ही कोनांची बेरीज १८०, हे सर्वांना येतं. बाह्यकोनाचं प्रमेय मात्र लोक विसरतात आणि लांबचा रस्ता धरतात. त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवली की बाहेर जो कोन होतो, तो त्याला न लागलेल्या दोन आंतरकोनांच्या, म्हणजे दूरस्थ आंतरकोनांच्या, बेरजेएवढा. दूरस्थ कोन (२क्ष + १०)° आणि (क्ष + २५)°, बाह्यकोन (४क्ष − ५)°. मग ३क्ष + ३५ = ४क्ष − ५, क्ष = ४०. दूरस्थ कोन ९०° आणि ६५°, बाह्यकोन १५५°. पडताळा दुसऱ्या नात्याने: बाह्यकोनाला लागून असलेला आतला कोन १८० − १५५ = २५ अंशांचा, आणि ९० + ६५ + २५ = १८०.

लांबच्या रस्त्यानेही हेच येतं, पण त्यात वजाबाकीचा कंस येतो आणि तिथे घसरगुंडी आहे. समजा बाजू वाढवून झालेला एक बाह्यकोन (३क्ष − २०)° दिला आहे आणि त्याला लागून असलेला आंतरकोन (क्ष + ४०)°. कुणी लिहितं १८० − ३क्ष − २० = क्ष + ४०. यातून क्ष = ३० येतं. बाह्यकोन ७०, आंतरकोन ७०, बेरीज १४०! रेषेवर १४० कसं चालेल? चूक कंसाची: १८० − (३क्ष − २०) म्हणजे १८० − ३क्ष + २०. बरोबर केलं की २०० − ३क्ष = क्ष + ४०, ४क्ष = १६०, क्ष = ४०; कोन १००° आणि ८०°. मी तर सांगेन की अशा ठिकाणी वजाबाकी मांडूच नका. सरळ बेरीज लिहा: (३क्ष − २०) + (क्ष + ४०) = १८०. कंस आपोआप निरुपद्रवी होतो.

समद्विभुज त्रिकोणात समान भुजांसमोरचे कोन समान. पाया खाली असेलच असं नाही, त्रिकोण आडवा पडलेला असू शकतो; म्हणून ‘खालचे दोन समान’ असं न म्हणता समान खुणांच्या भुजा शोधा आणि त्यांच्यासमोर बोट ठेवा. आकृती न देता नुसते शब्द दिले तर दोन उत्तरं संभवतात. ‘समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन दुसऱ्या एका कोनापेक्षा ३० अंशांनी मोठा आहे.’ शिरःकोन, म्हणजे समान भुजांमधला कोन, मोठा धरला तर ५०, ५०, ८०. पायाचे कोन मोठे धरले तर ७०, ७०, ४०. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही लिहायला हवीत.

‘समोरचा’ हा शब्द जपून

चौकोनाच्या संमुख कोनांबद्दल बोलताना मी नेहमी विचारतो: कुठला चौकोन? समांतरभुज चौकोनात संमुख कोन समान असतात. चक्रीय चौकोनात, म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर आहेत त्यात, संमुख कोनांची बेरीज १८०. त्याच दोन राशी घ्या: (३क्ष + १०)° आणि (५क्ष − ३०)°. समांतरभुज चौकोन असेल तर २क्ष = ४०, क्ष = २०, दोन्ही ७०°. चक्रीय असेल तर ८क्ष = २००, क्ष = २५, कोन ८५° आणि ९५°. साध्या, कुठल्याही चौकोनात यातलं काहीच लागू नाही. तिथे फक्त चारही कोनांची बेरीज ३६० एवढंच हाती असतं. (एखादा चौकोन दोन्ही असला तर? संमुख कोन समानही आणि बेरीज १८०ही. मग प्रत्येक कोन ९०, म्हणजे तो आयतच.)

न बाजूंच्या बहुभुजाकृतीसाठी आंतरकोनांची बेरीज (न − २) × १८०. बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न वळलेल्या, आकृतीत प्रत्येक शिरोबिंदूपाशी एक घेतला तर बाह्यकोनांची बेरीज मात्र बाजू कितीही असल्या तरी ३६०. बाह्यकोन दिले असतील तर आंतरकोनांच्या वाटेला जाऊच नका. वर्तुळाच्या एकाच कंसावरचा केंद्रीय कोन (शिरोबिंदू केंद्रावर) अंतर्लिखित कोनाच्या (शिरोबिंदू वर्तुळावर) दुप्पट असतो. समीकरणात २ कुठल्या बाजूला येतो एवढं पाहायचं.

दोन अज्ञात, किंवा वर्ग

चित्रात क्ष आणि य दोन्ही असतील तर दोन वेगळी नाती लागतात. फुलीतला एक कोन (३क्ष − य)°, त्याच्या समोरचा ८०°, शेजारचा (२क्ष + य)°. पहिलं नातं विरुद्ध कोनांचं: ३क्ष − य = ८०. दुसरं रेषीय जोडीचं: (३क्ष − य) + (२क्ष + य) = १८०. दुसऱ्यात य उडूनच गेला! ५क्ष = १८०, क्ष = ३६, मग य = १०८ − ८० = २८. शेजारचा कोन ७२ + २८ = १००, आणि ८० शी मिळून १८०. समीकरणं मांडताना कुठलं नातं आधी घेतलं तर एखादं अक्षर कटतं, हे बघून घेतलं की काम निम्मं होतं.

वर्ग आला की ऋण उकलीचा प्रश्न येतो, आणि ‘ऋण आलं की खोडायचं’ हा नियम चुकीचा आहे. विरुद्ध कोन (क्ष²)° आणि (४क्ष + ४५)° घ्या. क्ष² − ४क्ष − ४५ = ०, अवयव (क्ष − ९)(क्ष + ५). क्ष = ९ ला दोन्ही कोन ८१°. क्ष = −५ ला क्ष² = २५ आणि ४क्ष + ४५ = २५; दोन्ही कोन २५°. ऋण पाच चालतो! आता दोन कोटिकोन घ्या, (क्ष²)° आणि क्ष°. क्ष² + क्ष = ९०, उकली ९ आणि −१०. नऊला कोन ८१° आणि ९°. वजा दहाला १०० आणि −१०, बेरीज ९० भरते खरी, पण वजा दहा अंशांचा कोन कसला? ही उकल बाद. क्ष ऋण आला तर चालेल, कोन ऋण आला तर नाही. खोडायच्या आधी कोन काढा.

एक पूर्ण गणित, सुरुवातीपासून

रेषा ल वर, रेषा म खाली, दोन्ही समांतर. ल वर अ हा बिंदू. अ च्या डावीकडे ल वरच ड, उजवीकडे इ. म वर डावीकडे ब, उजवीकडे क, आणि क च्याही पलीकडे फ. अब आणि अक जोडा, अब = अक. कोन डअब = (३क्ष + ६)°, कोन बअक = (४क्ष + १८)°, कोन अकफ = (२य + ९)°. क्ष, य आणि त्रिकोणाचे कोन काढा.

चित्र काढलं, समांतर खुणा केल्या, अब आणि अक वर एकेक आडवी रेघ मारली. आता त्रिकोणाच्या आतलं काय माहीत आहे? फक्त शिरःकोन. पायाचे कोन हवेत. अब ही ल आणि म यांची छेदिका आहे. डअब आणि अबक हे आंतरव्युत्क्रम कोन आहेत, म्हणून समान. तेव्हा अबक = (३क्ष + ६)°. अब = अक आहे, म्हणून अकब सुद्धा (३क्ष + ६)°. त्रिकोणाचे तीन कोन आहेत, म्हणून बेरीज १८०: २(३क्ष + ६) + (४क्ष + १८) = १८०. म्हणजे १०क्ष + ३० = १८०, क्ष = १५. पायाचे कोन ५१°, शिरःकोन ७८°.

अकफ हा बाह्यकोन आहे, म्हणून दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा: २य + ९ = ७८ + ५१ = १२९, य = ६०.

ताळा न वापरलेल्या नात्याने. अकब आणि अकफ रेषीय जोडीत: ५१ + १२९ = १८०. आणखी एक जागा शिल्लक आहे, वरचा बिंदू अ. तिथे इअक हा कोन अकब शी आंतरव्युत्क्रम, म्हणून ५१°. ल च्या खालच्या अंगाला अ पाशी तीन कोन: ५१, ७८, ५१. बेरीज १८०. आणि हे तीन कोन म्हणजे त्रिकोणाचेच तीन कोन वर उचलून एका रेषेवर शेजारी ठेवलेले आहेत. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० का असते, याची सिद्धता ती हीच आकृती आहे.